कागदावर १८५, हातात १७५

गाडी बाबांची. चालवते मी, पण तिच्यात काही बदलायचं म्हटलं की ती पुन्हा बाबांची होते. मागच्या हिवाळ्यात तिच्या दोन रिम्स कडेने इतक्या गंजल्या की दर आठवड्याला हवा भरावी लागायची. पंक्चर सापडेना, कारण पंक्चर नव्हतंच. टायर रिमच्या कडेवर जिथे घट्ट बसतो, तिथेच गंजाचे पापुद्रे सुटले होते. घासून, रंगवून एकदा निभावलं. दुसऱ्यांदा हवा गेल्यावर मी सेकंडहँड १४ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम्स) आणले, ५.५जे, म्हणजे साडेपाच इंच रुंदीचे. मूळच्या लोखंडी रिम्स १३ इंची, ४.५जे.

म्हणजे रिम आधी घेतली आणि टायरचा विचार नंतर. उलटं करायला हवं होतं.

अलॉयवर १८५/६० आर १४ टायर (१८५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के, १४ इंची रिमसाठी) आयतेच चढवलेले होते. दादा खूश. “नक्षी आहे अजून. भरलेली दिसेल गाडी. घाल की.” मी बाजूवरचा कोड बघितला. शेवटचे चार आकडे २३११, म्हणजे २०११ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी होती, पण खाचांच्या तळाशी रबराला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. वापरायचा प्रश्नच नव्हता. पण मापं घ्यायला आणि अंगणात पुढेमागे करून बघायला फुकटचा नमुना मिळाला, आणि पुढचा सगळा शहाणपणा त्यातूनच आला.

आधी मूळ माप शोधायला हवं होतं. दारावरच्या स्टिकरवर फक्त “१५५ एसआर १३” असं लिहिलेलं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा, आर म्हणजे रेडियल. मधला आकडा, म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते, गायबच. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे होतं. तेव्हा उंची साधारण ८० ते ८२ टक्के हे गृहीतच असायचं, म्हणून लिहीत नसत. आजच्या भाषेत ते माप १५५/८० आर १३.

मग हिशेब. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर एकदा, खाली एकदा, म्हणजे २४८. त्यात १३ इंचांचे ३३०. एकूण व्यास ५७८ मिलिमीटर. रिम बदलली तरी हा आकडा शक्यतो तोच राहायला हवा, कारण स्पीडोमीटर, गिअरचं गणित आणि मडगार्डातली जागा, तिन्ही त्याला बांधलेली असतात. रिम एक इंच वाढली की भिंत वर-खाली मिळून तेवढी बुटकी करायची, बस.

१४ इंचांत मला तीन मापं जमणारी दिसली. १६५/६५ चा व्यास ५७०, १७५/६५ चा ५८३, आणि १८५/६० चा चक्क ५७८! एका मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. कागद दादाच्या हातात पडला आणि वाद संपला असं त्याला वाटलं.

बाबा म्हणाले, “अगं, पण हा व्यास नव्या टायरचा ना?”

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलायचा. म्हणजे एकच टायर आयुष्यभरात व्यासाने १२-१३ मिलिमीटर कमी होतो, सव्वादोन टक्के. आणि आम्ही १७५ आणि १८५ मधल्या साडेपाच मिलिमीटरवर भांडत होतो. व्यास जवळपास जुळला की पुरे, मिलिमीटरच्या आतली जुळणी हा नुसता कागदी आनंद. खरी अडचण उंचीत नव्हतीच, आडवी होती.

रिमच्या आतल्या बाजूला ईटी नावाचा आकडा कोरलेला असतो. रिमच्या रुंदीचा मध्य आणि ती हबला (चाक ज्यावर नटांनी बसतं त्या मधल्या भागाला) टेकते ती पाठ, या दोघांमधलं ते मिलिमीटरमधलं अंतर. माझ्या मूळ रिम्सचं ईटी ४५, अलॉयचं ३८. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर सरकतं, इथे ७ मिलिमीटर. त्यात टायर १५५ वरून १८५ झाला की दोन्ही बाजूंना १५-१५ मिलिमीटर वाढ. मिळून टायर बाहेरच्या अंगाला २२ मिलिमीटर पुढे आणि आत ८. बाहेर २२! एका बोटापेक्षा थोडं जास्तच. अलॉय घेताना मी चार भोकं आणि पीसीडी (ती भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) १०० मिलिमीटर एवढंच तपासलं होतं आणि स्वतःला फार हुशार समजले होते.

जुने १८५ चढवून मागे तीन माणसं बसवली, डिकीत बाबांची हत्यारांची पेटी ठेवली. मागच्या मडगार्डाच्या आतल्या दुमडीला खडू फासला आणि गाडी अंगणातल्या उंचवट्यावरून हळू नेली. दोन्ही बाजूंचा खडू पुसला गेला. पुढे भाचीच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे टायर आणि सस्पेन्शनच्या नळीच्या मधे चिकटवले आणि चाक हाताने फिरवलं. दबलेला गोळा कापून मोजला तर जेमतेम ४ मिलिमीटर. (भाचीने माती परत घेतली नाही. नवीन आणून द्यावी लागली.)

१७५ चं गणित वेगळं. बाहेर १७, आत फक्त ३. दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर सुटतात, आणि माझ्या गाडीत तेवढ्यावरच सगळं अडलं होतं.

तरी दादाचं चालूच. दुमडी ठोकून आत वळव, काय होतं? होत काही नाही, पण जुना पत्रा ठोकला की रंग तडकतो, आणि गंजामुळेच तर हे सगळं सुरू झालं होतं.

शेवटी वाद मिटवला तो स्टिअरिंगने. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. १८५ वर उभ्या गाडीत चाकं वळवताना माझे खांदे भरून आले. बाबा बसले आणि अर्ध्यातच उतरले, काही बोलले नाहीत. रुंद टायर जमिनीला जास्त आडवा टेकतो हे एक. दुसरं म्हणजे चाक बाहेर सरकलं की ते ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासूनही लांब जातं, मग वळवायला जोर लागतो आणि खड्डा आला की स्टिअरिंग हातात हिसका देतं. ते ७ मिलिमीटर मी आता बदलू शकत नाही, रिम घेऊन बसले. पण रुंदी माझ्या हातात होती. पावसात साचलेलं पाणी कापायलाही अरुंद टायर बरा. एकूण काय, १७५/६५ आर १४.

१६५/६५ का नाही, असं विचारलं जाईल. रिमवर बसला असता आणि स्टिअरिंग आणखी हलकं राहिलं असतं. पण व्यास दीड टक्का कमी होतो, आणि माझी गाडी मुळात जमिनीलगत. उगाच चार मिलिमीटर कशाला घालवा? हे मात्र माझं मत, नियम नव्हे.

वजनाचा आकडा न चुकता बघावा. मूळ टायरचा लोड इंडेक्स ७९, म्हणजे एका टायरवर ४३७ किलो. नव्याचा ८२, म्हणजे ४७५. वर गेला तर हरकत नाही, खाली जाऊ नये. स्पीडोमीटरचं म्हणाल तर ८० दाखवताना आता खरा वेग आधीपेक्षा पाऊण किलोमीटरच जास्त. मीटर बनवतानाच खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवणारे बनवतात, त्यात हे सहज खपतं.

टायर चढले, बॅलन्सिंग झालं आणि ७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं. पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा तेच. मग चाक काढून कॅलिपरने मधलं भोक मोजलं. हब ५४.१ चा, अलॉयचं भोक ६०.१ चं. चाक नुसतं नटांवर तोललेलं होतं, दर वेळी केसभर इकडे किंवा तिकडे. मधल्या पोकळीत बसणाऱ्या प्लास्टिकच्या चार कड्या आणल्या आणि थरथर गेली. विकणाऱ्याने कड्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण मीही विचारलं नव्हतं.

पुन्हा माणसं बसवून, पेटी ठेवून खडू लावला. पुसला नाही.

स्टेपनी जुनीच ठेवली, लोखंडी, १५५ ची. व्यास जवळपास तोच, त्यामुळे घरापर्यंत येण्यापुरती चालेल. पण अलॉयचे नट लांब आणि वेगळ्या बैठकीचे, ते लोखंडी रिमवर नीट बसत नाहीत. हे माझ्या डोक्यात यायच्या आधीच बाबांनी एका चेकबुकाच्या रिकाम्या पाकिटात जुने चार नट घालून पाकीट जॅकला रबर लावून बांधलं होतं. वर बॉलपेनने लिहिलं होतं: स्टेपनीचे. काढू नये.