मानकुजीचा संशय

इंदूरमधल्या आमच्या प्रयोगशाळेत पावसाळाभर शेतकरी प्लास्टिकच्या पिशव्यांतून आजारी रोपे घेऊन येतात, आणि ऑगस्टमध्ये त्यांतली बहुतेक सोयाबीनची असतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक पिशवी घेऊन राजवाड्यामागे राहणारे एक मराठी काका आले; त्यांची वडिलोपार्जित जमीन देपालपूरच्या बाजूला आहे. रोपांची पाने पिवळी पडून माना टाकत होती आणि जमिनीलगतच्या खोडाभोवती पांढरा, फुगीर थर दिसत होता. "ताई, ही बुरशीच ना? दुकानदारानं औषध दिलंय, उद्या फवारून घेतो," काका म्हणाले. मीही रोप हातात न घेताच "मानकूज दिसतेय" असे बोलून गेले. स्क्लेरोशियम बुरशीच्या मानकुजीत खोडाच्या मानेवर असाच पांढरा थर येतो खरा, पण एवढ्यावर निदान करू नये हे मी नवख्या सहकाऱ्यांना दरवर्षी सांगत असते.

नोंद करण्यासाठी रोप भिंगाखाली धरले तेव्हा मोहरीसारखे तपकिरी दाणे, जे या बुरशीत हमखास सापडतात, ते कुठेच नव्हते. कापसाने पुसल्यावर बुरशीचे धागे निघून यायला हवे होते. हा थर जागचा हलला नाही. साल उभी फाटली होती आणि तिच्या आतून स्पंजासारखा पदार्थ बाहेर आला होता. ब्लेडने छेद घेतला तर खालचे खोड टणक आणि निरोगी. शेवटी तो तुकडा पेल्यातल्या पाण्यात बुडवून चिमटीत दाबला, तेव्हा त्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. मी काकांना विचारले, "शेतात पाणी किती दिवस साचलंय?" ते म्हणाले, "नऊ दिवस झाले. पण पाण्यात उभं असलेलं पीक सुकेल कसं?"

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून मिळतो. पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट संथ होतो; त्यात माळव्याची काळी माती भिजली की फुगून तिच्या भेगा मिटतात, आणि उरलेला ऑक्सिजन मुळे आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर फोडण्यावर, दिवस काढते, ज्यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू तीसेकांच्या जागी जेमतेम दोन मिळतात. पेशीरस आम्लधर्मी होतो, पेशींच्या पडद्यांतली पाणी आत घेणारी दारे बंद होतात, आणि रोप गुडघाभर पाण्यात तहानेने सुकते.

त्याच दुपारी आम्ही शेतावर गेलो. सखल कोपऱ्यातले एक रोप गड्याने मातीसकट उपसले आणि बादलीत धुतले. खालची मुळे काळी पडून त्यांना सडका वास येत होता. त्यांवरच्या, हवेतले नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंच्या गाठी नखाने फोडल्या तर एरवी दिसणारा गुलाबी रंग जाऊन आत करडा-हिरवट गर होता, म्हणजे नत्र पुरवण्याचे काम थांबले होते आणि पिवळ्या पानांचा खुलासा तिथेच झाला. मात्र पाण्याच्या रेषेजवळ, त्या पांढऱ्या स्पंजातूनच, नवी मुळे फुटली होती. पाण्यात मुळांतले इथिलीन, म्हणजे वनस्पतींचे वायुरूप संप्रेरक, बाहेर पडू शकत नाही, आतच साचते आणि अनेक वनस्पतींमध्ये तेच हवेसाठी वाट काढण्याची सूचना ठरते. बांधावरच्या मक्याचे मूळ मी सोबत आणले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या सालीतल्या पेशी जागोजागी विरघळून गेलेल्या आणि उरलेल्या पेशी गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या उभ्या दिसल्या. मधल्या पोकळ्यांतून वरची हवा खाली उतरते. भातात अशा वायुनलिका पूर नसतानाही असतात. सोयाबीन मात्र पेशी मारून वाट काढण्याऐवजी सालीखाली नवा सच्छिद्र थर वाढवते, आणि आम्ही दोघांनी रोग ठरवला तो हाच थर होता.

काकांना मी औषध परत करायला सांगितले. उताराच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर सोडायचे, वाफसा येईपर्यंत शेतात पाय घालायचा नाही आणि कोळपणी तर मुळीच करायची नाही, कारण नवी मुळे अगदी वरच्या थरात होती. ते ऐकताना त्यांचा चेहरा पडला. आदल्या दिवशी त्यांनी गड्याकडून एका ओळीतल्या रोपांवरची "बुरशी" विळ्याने खरवडून घेतली होती.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. सखल भागातले पीक बुटकेच राहिले होते, पण नवी पाने हिरवी होती आणि वरच्या मुळांवरच्या गाठी फोडल्यावर गुलाबी निघाल्या. खरवडलेल्या ओळीत मोजून चार रोपे उभी होती. हवेची वाट तुटल्यामुळे बाकीची गेली, असे काका आता ज्याला त्याला सांगतात. विळ्याच्या जखमांनीही ती गेली असतील, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिले आहे.