ठासणीचा गज

मुलीने इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला एचएमएस व्हिक्टरी हे जुनं लढाऊ जहाज दाखवायला नेलं. ट्रॅफल्गरच्या लढाईत, 1805 साली, या जहाजावर 104 तोफा होत्या. सगळ्यात खालच्या मजल्यावर बत्तीस पौंडी, म्हणजे साडेचौदा किलोचा गोळा फेकणाऱ्या. छत इतकं बुटकं की मान वाकवूनच चालायचं. मुलगी पुढे गेली, मी ठासणीच्या गजापाशीच थांबलो. तोफेच्या तोंडातून दारूगोळा आत दाबायचा हा गज.

त्याचा दांडा जाड, ताठ दोराचा. एका टोकाला नळी पुसायचा मेंढीच्या कातड्याचा बोळा, दुसऱ्या टोकाला ठोकळा. दोराचा असल्यामुळे वाकवता येतो, म्हणून खिडकीतून अंग बाहेर काढावं लागत नाही. दारूची थैली तळाला टेकली की ठासणाऱ्याच्या हाताला ते कळायचं. मग तोफप्रमुख तोफेच्या कानातून, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकातून, सळई घालून खात्री करायचा. एका दारूवर मुद्दाम दोन गोळे घालत, पण दारूवर दारू कधीच नाही.

माझी उमेदीची वर्षं वाघोलीकडच्या दगडखाणीत सुरुंगावर गेली. होल भरायचे, बत्त्या पेटवून आडोशाला जायचं आणि धडाके मोजायचे. एका संध्याकाळी दहा होल होते. मी नऊ मोजले. जोडीदार म्हणाला दहा, दोन एकदम झाले. मुकादमाला घरी जायचं होतं, दहा ठरले. मी जोर धरला नाही. सकाळी ड्रिलवाल्याने नेमकं त्या न उडालेल्या होलाशेजारी ड्रिल लावलं. त्याचे दोन्ही डोळे गेले.

म्हणून एचएमएस थंडरर या ब्रिटिश युद्धनौकेची हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

2 जानेवारी 1879. मार्मारा समुद्रात सराव चालला होता. जहाजाच्या पुढच्या, तोफांच्या फिरत्या बुरुजात 38 टनी, बारा इंची दोन तोफा, दोन्ही ठासणीच्या. त्या एकदम डागल्या. एक उडाली, दुसरीतली दारू पेटलीच नाही. धूर आणि दणका असा की ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघींची तोंडं भरण्यासाठी खाली झुकली आणि डेकखालून पाण्याच्या दाबावर चालणारा यांत्रिक गज आला. त्याने पहिल्या दारूगोळ्यावर दुसरा चढवला. दोराच्या गजावर माणसाचा हात होता, गज वीतभर आधीच अडला तरी त्याला कळलं असतं. इथे हातच नव्हता. पुढच्या बाराला तोफ फुटली. 11 माणसं गेली.

दोन बार एकावर एक बसलेत हे बऱ्याच जणांना पटेना. तोफच कच्ची, असं म्हणणारे पुष्कळ होते. शेवटी तिची जोडीची तोफ लंडनच्या वूलविचला आणली, मुद्दाम दुहेरी भरली आणि उडवली. तीही तशीच फुटली. मला या कामाबद्दल फार आदर आहे. चांगली, धड तोफ त्यांनी एका प्रश्नाच्या उत्तरासाठी फोडली. आमच्या खाणीत चौकशी झाली ती एका सहीपुरती.

मागून भरायची तोफ ब्रिटिशांकडे आधीच येऊन गेली होती. विल्यम आर्मस्ट्राँग हा मुळात वकील. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात त्याने आटे पाडलेल्या नळीची, मागून भरायची तोफ केली आणि आरमाराने ती घेतली. मागे वरून एक ठोकळा बसवायचा आणि पोकळ स्क्रूने आवळायचा. स्क्रू पुरता आवळला नाही तरी तोफ डागता येत होती, आणि मग ठोकळाच उडायचा. 1863 साली जपानमध्ये कागोशिमावर मारा करताना 21 तोफांनी 365 बार काढले, त्यात 28 अपघात. आरमार पुन्हा ठासणीकडे वळलं.

थंडररनंतर ते कायमचं मागून भरण्याकडे आलं. त्याला एकटा हा अपघात कारण नव्हता. सावकाश जळणारी दारू आली होती, तिचा पुरा जोर घ्यायला नळी लांब हवी, आणि बुरुजातली लांब नळी तोंडाकडून भरणार कशी? पण मला ओढ आहे ती मागच्या दाराची. आटे मधूनमधून कापलेला जाड स्क्रू, थोडा फिरवला की कुलूप. द बांज या फ्रेंच अधिकाऱ्याने त्याला चरबी आणि अ‍ॅस्बेस्टॉसची गादी दिली. बाराच्या दाबाने तीच पसरून फट बुजवते. पुढे अशी सोय झाली की दार पुरतं लागल्याशिवाय बार पेटतच नाही.

आणि ते दार उघडलं की नळीतून आरपार उजेड दिसतो. आत काही राहिलं असेल तर उजेड दिसत नाही. मोजायला कुणी लागत नाही.