तिला कुणी विचारलंच नाही

आज ओळखीच्या एका कुटुंबासोबत जळगावला वकिलांकडे गेले होते. आई मुलीला घेऊन परदेशातून माहेरी आली आहे आणि वडिलांना मुलगी परत हवी आहे. मोठी माणसं तासभर बोलत होती. पोरगी केळी वेफर्सची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. एकही वेफर तोंडात टाकला नाही, नुसती पिशवीची कड दुमडत होती. वकीलताईंनी विचारलं, "हिचं काय म्हणणं आहे?" आजी लगेच म्हणाल्या, "पोर शे ती, तिले काय समजस?"

समजतं हो आजी! सगळं समजतं.

ताईंनी शांतपणे सांगितलं. एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय परदेशी नेलेल्या मुलांसाठी १९८० चा आंतरराष्ट्रीय हेग करार आहे. त्यानुसार मूल सहसा ते आधी राहत होतं त्या देशात परत पाठवतात, पण पुरेसं वय आणि समज असलेल्या मुलाने नकार दिला तर कोर्ट तो विचारात घेऊ शकतं. भारत त्या करारात नाही. इथं मुलाचं हित सर्वात आधी. मात्र मुलांचं म्हणणं ऐकण्याचा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्येच स्वीकारलाय, आणि आपला १८९० चा पालकत्व कायदाही समजत्या मुलाची पसंती विचारात घेऊ देतो.

ऐकणं म्हणजे "आई हवी की बाबा?" असं तिला कोंडीत पकडणं नव्हे. आणि घरून पढवून पाठवणं तर मुळीच नाही, ते मला फार क्रूर वाटतं.

न्यायाधीशांनी मुलीशी चेंबरमध्ये एकटीशी बोलावं, असा अर्ज ताई करणार आहेत. आईने मान डोलावली. आजी अजून तयार नाहीत, उद्या मी पुन्हा बोलणार आहे त्यांच्याशी.