उतरायला वेळ लागतो

चढायचं अजून जमतं. हे आधी सांगून टाकते, कारण भेटणारा प्रत्येक जण चढाबद्दलच विचारतो. "अजून गड चढता? दम लागत नाही?" लागतो. मग थांबते, घोटभर पाणी पिते, पुन्हा चालू लागते. पासष्टीत दमाचं फार मोठं काही नसतं, वेग कमी केला की तो आटोक्यात येतो. उतरताना मात्र तेवढ्याने भागत नाही. हळू उतरलं तर मांडीवर भार जास्त वेळ राहतो, भरभर उतरलं तर पाऊल सावरायला वेळ मिळत नाही. आणि उतरण्याबद्दल कुणी विचारतच नाही.

मी ठाण्यात राहते. येऊरच्या बाजूची कारवीची झुडपं आठ वर्षांतून एकदा फुलतात, ती 2016 मध्ये फुलली आणि त्यानंतर 2024 मध्ये. दोन्ही वेळा मी पाहायला गेले, वाटही तीच होती. 2016 ला सुट्या मुरमाच्या उतारावरून मी पाऊल तिरकं टाकत, जवळजवळ पळतच खाली आले होते. 2024 ला त्याच उतारावर पोचले आणि थांबले. काही दुखत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. फक्त पाऊल कुठे टाकायचं हे पायाला आपसूक कळत नव्हतं, मला ते डोक्याने ठरवावं लागत होतं. मैत्रिणीच्या मुलीने हात पुढे केला आणि मी तो घेतला. डोंगरात आजवर हात देणारी मी असायचे. तो दिवस मी विसरणार नाही.

घरी आल्यावर याचा छडा लावायचं ठरवलं. डॉक्टरांशी बोलले, फिजिओथेरपीला गेले, मिळेल ते वाचलं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाताच अंगाचा सगळा भार धरून ठेवतो, घाटात उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकसारखा. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या यामुळेच. वय वाढतं तसे स्नायूतले झटपट काम करणारे तंतू आधी आणि जास्त बारीक होतात, आणि पाय सटकल्यावर सावरायचं काम नेमकं त्यांचंच. घोट्याकडून, गुडघ्याकडून मेंदूकडे जाणारी खबरही मंदावते. म्हणजे दगड हलला हे कळायला उशीर, कळल्यावर पाय हलायला उशीर.

त्यात आम्हा बायकांचं हाडांचं प्रकरण वेगळं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत माझा आकडा उणे दोनच्या आसपास आला. उणे अडीच आणि त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, मी त्याच्या अलीकडे आहे. पूर्वी घसरून बसले तर खरचटायचं, आता मनगट मोडू शकतं.

आणि चष्मा! याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. उतरताना पायाशी पाहिलं की आपण त्याच भागातून पाहतो आणि पायरी, दगड, मूळ सगळं धूसर दिसतं. माझ्या वयाचे कितीतरी जण गडाच्या पायऱ्यांवर मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून उतरताना दिसतात, ते पाऊल नीट दिसावं म्हणून. मी ट्रेकसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. पहिल्याच दिवशी फरक जाणवला. ज्यांना प्रोग्रेसिव्ह आहे त्या सगळ्यांनी हे एवढं तरी करा.

मी डोंगरात आले ती 1980 नंतरच्या काळात. बँकेत नोकरी, शनिवारी अर्धा दिवस काम. रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची, स्टेशनवर पेपर अंथरून झोपायचं आणि पहाटेच्या एसटीने घोटीकडे निघायचं. पायात हंटर बूट. कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, म्हणजे हार्नेस, सगळ्यांना पुरत नसत. दोर मांडीखालून घेऊन छातीवरून खांद्यावर टाकायचा आणि तसंच कड्यावरून खाली यायचं. मानेवर वळ उठायचे, म्हणून कॉलरचा जाड शर्ट घालायचा. सोमवारी काउंटरवर नोटा मोजताना बोटं चुरचुरायची आणि मला त्या चुरचुरण्याचा अभिमान वाटायचा. 1984 मध्ये 23 मे रोजी बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या. आईने ती बातमी कापून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तोवर तिचा माझ्या डोंगराला विरोध होता, त्यानंतर कधी ऐकू आला नाही.

पुढे उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला. टेकलाच्या खडकांवर सराव, मग डोकरानी बामक हिमनदीवर बर्फाचं प्रशिक्षण. तिथे आमच्या मनावर पुन्हा पुन्हा बिंबवलं जायचं की माथा म्हणजे अर्धीच वाट, अपघात बरेचदा परतताना होतात, कारण तेव्हा पाय थकलेले आणि मन सैल पडलेलं असतं. आम्ही माना डोलवायचो. पंचविशीत पाय थकतात म्हणजे काय हे कुणाला ठाऊक असतं!

जपानचे युइचिरो मिउरा 2013 मध्ये ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. जगभर बातमी झाली. उतरताना ते इतके थकले होते की दुसऱ्या कॅम्पपासून, म्हणजे सुमारे 6500 मीटरवरून, त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणलं. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे, आणि हेलिकॉप्टरमुळे तो तसूभरही कमी होत नाही. ऐंशीचं शरीर जगातल्या सर्वांत उंच जागी चढू शकलं आणि त्यालाही जड गेलं ते उतरणंच, हे मला त्या बातमीतलं सर्वांत खरं वाक्य वाटलं. आपल्याकडे चंद्रप्रभा ऐतवाल आहेत. 1981 मध्ये नंदादेवी चढलेल्या आणि 2009 मध्ये, साठी कधीच ओलांडलेली असताना, 6133 मीटरचं श्रीकंठ शिखर गाठणाऱ्या. हे आपल्या शाळांमधल्या मुलींना माहीत असायला हवं. माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते.

रायगडाजवळच्या लिंगाणा सुळक्याकडे उतरणारी बोराट्याची नाळ आहे. आम्ही तिशीच्या आत असतानाची गोष्ट. दिवस भातकापणीचे. नाळेत आमच्या पुढे दुसरा एक गट होता, त्यातल्या एका मुलाच्या पायावर धोंडा आला आणि नडगीचं हाड मोडलं. नाळ म्हणजे नुसते मोठमोठे दगड, एकावरून दुसऱ्यावर हातपाय टेकत जायचं. मोबाइल नव्हते. आमच्यातले दोघे वर मोहरी गावाला धावले आणि तिथली माणसं घोंगडी, बांबू घेऊन खाली आली. डोली बांधली. आमच्याकडे दोर होते, ते आम्ही वरून लावले आणि धरून राहिलो. पण खांदे त्यांचे होते. प्रत्येक मोठ्या दगडापाशी चौघांनी डोली डोक्याच्या वर उचलायची, पलीकडच्या चौघांनी घ्यायची. अंधार पडला, आमच्या टॉर्चचे सेल संपले, त्यांनी टेंभे पेटवले. त्याला गाडीरस्त्यापर्यंत पोचवेस्तोवर उजाडलं. त्या गावकऱ्यांपैकी दोघे तिथूनच परत शेतावर गेले, भात उभं होतं म्हणून. त्यातल्या एकाचा खांदा मी पाहिला. बांबूच्या घासण्याने सालटं निघालं होतं.

तेव्हा मला धोका म्हणजे माझा धोका वाटायचा. माझा दोर, माझी पकड, माझा जीव. आई रागावली की मी तेच म्हणायचे. आता मी नाळेच्या तोंडाशी उभी राहिले की तो खांदा आठवतो. माझं मनगट किंवा खुबा मोडला तर मला कोण उचलणार? आज शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं आहेत, यशवंती हायकर्स आहेत, गावोगावचे ट्रेकर आहेत. 2018 च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळून 30 माणसं गेली, तेव्हा भर पावसात दोर लावून दरीत उतरले ते तिथले ट्रेकर. ही माणसं आपला रोजगार बुडवून, कुणाचा रुपया न घेता खाली जातात. त्यांनी माझ्यासाठी यावं अशी वेळ टाळता येण्यासारखी असेल, तर ती टाळणं माझ्याकडे लागतं.

म्हणून मी नळीची वाट सोडली. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून हरिश्चंद्रगडावर जाणारी ती वाट माझी सर्वांत लाडकी. अजूनही एखादे वेळी चढून जाईन, याची मला खात्री आहे. पण अर्ध्यात परत फिरावं लागलं तर तो घसारा मला उतरता येणार नाही, आणि जिथून परत फिरता येत नाही तिथे जायचं नाही, ही रेघ मी आखली आहे. फार जड गेलं. ते लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी दिवस मी कुणालाच सांगितलं नाही, नुसतीच काहीतरी कारणं देत राहिले.

पहिल्यांदा सांगितलं ते बेलपाड्याच्या मामांना. आम्हाला ती वाट त्यांनीच दाखवली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. तेव्हा अनवाणी, डोक्यावर आमची सॅक घेऊन ते आमच्या पुढे असायचे. आता ओटीवरून उठताना खांबाला धरतात. लाकडाच्या मोळ्या, भाताचे भारे, वर पुन्हा आमची ओझी, सगळं त्या दोन गुडघ्यांवरून गेलं. मी म्हटलं, "मामा, नळीत आता येणार नाही मी." ते म्हणाले, "नका येऊ ताई. मी बी जात न्हाई. कडा हितनं बी दिसतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी हौसेनं झिजवलं, आमी पोटासाठी. दुकतं सारकंच."

त्यांचा मुलगा आता पाहुण्यांना घेऊन जातो. मामा दर खेपेला त्याला बसवून विचारतात: दुसऱ्या टप्प्यावरचा अडकलेला धोंडा जागेवर आहे का, डावीकडची कारवी ओली आहे की वाळलेली. हे दुसरं फार मोलाचं. कारवी फुलून बी पडलं की मरते, पण काटक्या तशाच उभ्या राहतात. उतरताना माणूस आधाराला नेमकी तीच धरतो आणि ती मुळासकट हातात येते. त्या वर्षी मामा मुलाला सांगतात, पाहुण्यांना आधीच बजाव, कारवीला हात घालू नका. जागेवर न जाता ते अजून ती वाट सांभाळताहेत. मी त्यांच्याकडे बसून हे शिकतेय.

माझं रोजचं चाललंय ते असं: आमच्या इमारतीत मी लिफ्टने वर जाते आणि जिन्याने खाली येते. शेजारच्या वहिनींना हे उलटं वाटलं, त्यांना मांडीच्या स्नायूचं सांगितलं, आता त्याही येतात. दात घासताना एका पायावर उभी राहते, ओट्याला हात लागेल इतक्या अंतरावर. खुर्चीत बसताना धपकन न बसता सावकाश बसते. दोन्ही हातांत काठ्या घेते, उतरताना त्या थोड्या लांब करते. खड्या पायऱ्या आल्या, हरिहर गडासारख्या, तर तोंड कातळाकडे करून उलटी उतरते, खोबणीत बोटं घालून. मागे रांग लागते. लागू दे. पोरं "काकू, आरामात" म्हणतात, त्यांना आशीर्वाद देते. आणि अंधार पडायच्या आत खाली. संधिप्रकाशात माझ्या डोळ्यांना आता दगड आणि सावली वेगळी दिसत नाही.

गड निवडताना मी आधी उतरायची वाट पाहते. ती कशी आहे, किती वेळ लागेल, मध्ये बसायला जागा आहे का, खाली गाव किती जवळ. ती पटली तरच निघते. अशा हिशेबात अलंग, मदन गेले, लिंगाणा तर केव्हाच गेला. कळसूबाई राहिली, रतनगड राहिला, हरिश्चंद्रगडही राहिला, फक्त दुसऱ्या वाटेने.

जानेवारीत पाचनईहून हरिश्चंद्रगड करायचा विचार आहे. राजूरमार्गे. एक रात्र वर राहायचं, कोकणकड्यावर दुपारचं ऊन उतरेपर्यंत बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं आणि पाचनईला दुपारच्या जेवणापर्यंत पोचायचं. पोरं जेवढ्या वेळात खाली जातात त्याच्या दुप्पट वेळ मी उतरायला धरलाय. गुडघ्यांमुळे ज्यांनी गड सोडलेत आणि मनातून सोडलेले नाहीत, अशा कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा. डॉक्टरांना विचारून या, काठ्या आणा, लांबच्या नंबरचा चष्मा आणा. वाटेत कुणी कुणाला घाई करायची नाही, एवढी एकच अट.