तुम्ही विचारलंत म्हणून: खर्चाचं पेशंटला कळू द्यायचं का?

घरात कॅन्सर निघाला की आठवड्याभरात कुणीतरी नातेवाईक मला बाजूला घेऊन हे विचारतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सांगा. आकड्यासकट सांगा.

"आधीच त्यांच्या जिवाला घोर, त्यात हे कशाला?" असं तुम्ही म्हणणार. मीही पूर्वी हाच सल्ला देत असे. तो कुठे घात करतो, ते एका आजारावरून सांगते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. त्यावर बहुतेकांना इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर. २००१ साली हे औषध आलं आणि या आजारासह माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. पेशंट हिंडताफिरता असतो. घरातलं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं: कुणाची गाडी विकली गेली, कुणाची फी थकली. त्याच्याशी मात्र कुणी बोलत नाही. मग तोही न बोलता हातभार लावतो. गोळी एक दिवसाआड घेतो. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतात. लगेच काहीच बिघडत नाही. उलट गोळीमुळे होणारी मळमळ कमी होते, पायात गोळे येणं थांबतं, अंगावरची सूज उतरते. त्याला वाटतं, हेच बरं.

ठरल्या वेळी बीसीआर-एबीएलची, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते दाखवणारी, तपासणी होते आणि आकडा वर गेलेला निघतो. डॉक्टर विचारतात, "गोळ्या नीट चालू आहेत ना?" मुलगा शेजारीच उभा असतो. पेशंट मान डोलावतो. इथून पुढे डॉक्टर चुकीच्या माहितीवर चालतात. औषध लागू पडेनासं झालं असं धरून म्युटेशनची, म्हणजे कॅन्सरच्या जनुकात बदल झालाय का याची, तपासणी सांगतात आणि पुढच्या पिढीचं, बहुधा कितीतरी महाग औषध लिहून देतात. गोळ्या राखून जे वाचवलं, त्याच्या अनेक पट जातं. आणि आजार खरोखरच हाताबाहेर गेला, तर पहिल्या औषधाचा मार्ग कायमचा बंद. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठरलेल्यांपैकी घेतलेल्या गोळ्यांचं प्रमाण ९० टक्के किंवा त्याहून कमी राहिलेल्यांमध्ये आजार नीट दबण्याचं प्रमाण फार खाली आलेलं दिसलं. चुकलेल्या १० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या. एक दिवसाआड म्हणजे पंधरा.

याला कुणी बेजबाबदारपणा म्हटलं की मला राग येतो. घरातले सगळे जे करत होते, तेच त्याने केलं. लपवलं.

म्हणून "गोळी घेतलीत ना?" असं विचारू नका, त्याला "हो" हे एकच उत्तर येतं. "या महिन्यात किती राहिल्या?" असं विचारा. पाकिटावर सुरू केल्याची तारीख लिहा आणि नवीन पाकीट आणण्याच्या दिवशी जुन्यात उरलेल्या गोळ्या मोजा.

पैसे संपत आलेत, हे डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा, आणि औषध बंद पडण्याच्या आधी सांगा. लाजेपोटी हेच राहून जातं. डॉक्टरांच्या हातात पुष्कळ काही असतं. इमॅटिनिबची जेनेरिक मिळतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचे बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली त्याच्यासारखीच औषधं, आहेत. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड दर चार आठवड्यांऐवजी दर १२ आठवड्यांनी दिलं तरी अनेकांना पुरतं. स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन पूर्वी पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे २५ फेऱ्या चालायचं. आता पुष्कळ जणींना तीन आठवडे पुरतात, आणि २०२० पासून निवडक जणींसाठी पाच फेऱ्यांचा पर्यायही पुढे आला आहे. वीस फेऱ्या वाचणं म्हणजे सोबत येणाऱ्याचे वीस खाडे वाचणं. हे सगळं प्रत्येकाला लागू होत नाही, पण विचारल्याशिवाय विषय निघेलच असंही नाही.

कागदांचं थोडक्यात. मदतीचा अर्ज उपचार सुरू होण्याआधी करा. झालेला खर्च अनेक संस्था भरून देत नाहीत. सगळ्या रिपोर्टवर पेशंटचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं, नाहीतर एका अक्षरापायी क्लेम अडकतो. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) कुणाकडे गेले, याची नोंद ठेवा. ते हरवले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागू शकते. क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा.

आता ज्याने माझं उत्तर डळमळतं, ते. खर्च कळल्यावर "माझ्यावर एवढा पैसा घालू नका" म्हणून उपचार सोडणारे पेशंटही असतात. तुम्हाला हीच भीती आहे, आणि ती खोटी नाही. सांगितल्याने तो सोडेल की न सांगितल्याने लपवेल, हे मला आधी ओळखता येत नाही. तरीही मी सांगायच्या बाजूने आहे, कारण उघडपणे सोडणाऱ्याशी निदान बोलता येतं. फक्त नुसता आकडा ऐकवू नका. तो कसा उभा राहणार तेही सोबत सांगा: विम्यातून किती, संस्थेकडून किती, घरातून किती, आणि कोणत्या महिन्यापर्यंतची सोय झाली आहे. शक्य असेल तर तो हिशेब लिहायची वही त्यांच्याच हातात द्या.