दीड इंचाची फाट

नवे बाण घ्यायला निघाला असाल तर थांबा. आधी धनुष्य पूर्ण ताणल्यावर दोन्ही कॅम (धनुष्याच्या दोन टोकांवरची चाकं) एकाच वेळी टेकतात का ते बघा. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर अर्धा डझन बाणांचे पैसे आणि सरावाचे दोन महिने वाचले असते.

मी इंदूरला रामबागेत राहते, चार वर्षांपासून कंपाउंड, म्हणजे चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याची तिरंदाजी करते. ड्रॉ वेट, म्हणजे धनुष्य ताणायला लागणारा जोर, ४५ पौंड. दोरी आणि केबल जुन्या झाल्या होत्या. त्या बदलायला बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागतो, आणि माझ्या ओळखीत इथे तो कुणाकडे नव्हता. म्हणून धनुष्य कुरिअरने बाहेरगावच्या एका दुकानदाराकडे पाठवलं. आठ दिवसांत देतो म्हणाले. लागले २३. (प्रेसशिवाय केबल सोडायचा प्रयत्न कुणीही करू नका. लिंबमध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांत, भयंकर ताण भरलेला असतो.)

धनुष्य आलं त्याच संध्याकाळी पेपर ट्यूनिंगला बसले. जुन्या फोटोफ्रेमच्या चौकटीवर कागद ताणायचा आणि सहा फुटांवरून बाण त्यातून मारायचा. टार्गेट मागे इतकं सरकवा की बाण कागदातून पूर्ण बाहेर पडून मगच रुतेल. बाण सरळ जात असेल तर एक गोल भोक आणि त्याच्याभोवती पिसांच्या तीन चिरा उमटतात. माझ्या कागदावर भोक खाली आणि चिरा त्याच्या दीड इंच वर. म्हणजे बाण शेपूट वर करून निघत होता.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे डी-लूप (दोरीवर बाण लागतो तिथला छोटा फास) थोडा खाली घ्यायचा किंवा रेस्ट (बाण टेकवायचा आधार) वर. एक मिलिमीटर घेतला, मग दोन. फाट तेवढीच. उलट दिशेने करून पाहिलं, तरी तेवढीच. पिसं रेस्टला घासत असतील म्हणून रेस्टवर लिपस्टिक लावली; पिसांवर कुठेही डाग नाही. १८ मीटरवर बाणाची शेपूट वळवळताना उघड्या डोळ्यांनी दिसायची. ५० मीटरवर तर बाण वर-खाली विखुरले. तिथे दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं असतं, त्यात काय टिकणार?

दुकानदाराला कागदाचे फोटो पाठवले. उत्तर एकच, "मैडम, तीर बदल लीजिए, स्पाइन गलत है।" माझे बाण ५०० स्पाइनचे. स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा; आकडा जितका कमी तितका बाण ताठ. त्यांच्या सांगण्यावरून ४०० चे सहा घेतले. फाट जागच्या जागी. पुन्हा फोन केला तर आता माझी पकड चुकत होती. तीन आठवडे मी दर्पणासमोर उभी राहून मनगट तपासत होते. दोरी बदलण्याआधी हीच पकड होती आणि हेच बाण, तेव्हा कागदावर स्वच्छ भोक पडायचं! ही गोष्ट मी त्यांना चार वेळा सांगितली. एकदाही त्यांनी विचारलं नाही, "कॅमचं टायमिंग बघितलंत का?"

ते विचारलं आमच्या सरांनी, तेही सहज, चहा पिताना. दुसऱ्या दिवशी भाच्याला बाजूला उभं केलं. बाण लावून टार्गेटसमोर धनुष्य ताणलं, त्याने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. "मावशी, वरचा आधी लागतोय गं!" तो ओरडलाच. बघितलं तर वरच्या कॅमचा स्टॉप (कॅमला थांबवणारी खुंटी) केबलला टेकलेला आणि खालच्याचा अजून तीनेक मिलिमीटर लांब. असं असेल तर बाण सुटताना दोरी सरळ पुढे जात नाही, नॉकला (बाणाच्या शेपटाकडच्या खाचेला) वर किंवा खाली ओढते. मग रेस्ट कितीही हलवा. त्या क्षणी मला रडूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

सरांच्या ओळखीने भोपाळला प्रेस मिळाला. सकाळची बस, मांडीवर धनुष्याची पेटी. त्या गृहस्थांकडे ड्रॉ बोर्ड होता, धनुष्य त्यावर बसवून हळूहळू ताणता येतं आणि दोन्ही कॅम निवांत बघता येतात. एका केबलला दीड पीळ दिला, पुन्हा ताणलं, दोन्ही स्टॉप एकदम टेकले. पंधरा मिनिटांचं काम! पैसे घ्यायलाही ते तयार नव्हते.

घरी येऊन डी-लूप आणि रेस्ट मूळ जागी आणलं, रेस्ट रायझरपासून (धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागापासून) २० मिलिमीटरच्या आसपास. चौथ्या बाणाला स्वच्छ भोक. नंतर बिनपिसांचा बाण १८ मीटरवर मारला, पिसांच्या बाणांच्या शेजारी मुठीएवढ्या अंतरात लागला. तेच जुने ५०० चे बाण.

क्रम विचाराल तर आधी टायमिंग, मग रेस्ट आणि नॉकची उंची, मग कागद, शेवटी बिनपिसांचा बाण. एका वेळी एकच गोष्ट हलवा. लिंबचे बोल्ट वर-खाली सारखेच फिरवा. रिकामं धनुष्य ताणून चुकूनही सोडू नका.

आणि हो, धनुष्य कुणाकडेही द्यायच्या आधी दोन्ही कॅमवर केबल जिथून जाते तिथे नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन फोटो काढून ठेवा. परत आलं की तो फोटो समोर धरून ठिपके बघा, मगच पहिला बाण लावा.