अकरा पूर्ण, बारावे चालू

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी, माझी धाकटी बहीण, आम्हा दोघींची कुटुंबे आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आमची आई असे सगळे मिळून टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून पाच रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. मी ह्यूस्टनला राहते, बहीण डॅलसला. त्यामुळे गॅल्व्हेस्टनचे बंदर सोयीचे, विमानाचा खर्च नाही आणि आईला पुन्हा विमानतळावर चालवायचे नाही, एवढा विचार करून आम्ही जहाज ठरवले. कोझुमेल आणि प्रोग्रेसो ही दोन मेक्सिकन बंदरे, पाण्याच्या घसरगुंड्या, शाकाहारी जेवणाची सोय, आईच्या खोलीला खिडकी हे सारे बारकाईने पाहिले. जहाजावर मुलांना खेळण्यासाठी जे क्लब असतात त्यांचे वयोगट मात्र मी नीट वाचले नाहीत, आणि आमच्या सहलीचा सगळा रंग शेवटी त्यावरच ठरला.

माझी लेक आणि माझी भाची दोघीही सहावीत आहेत. लेकीला नोव्हेंबरमध्ये बारा वर्षे पूर्ण झाली होती आणि भाचीचा वाढदिवस फेब्रुवारीत येतो. तीन महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघी वर्षातून तीनदा भेटतात, एका पांघरुणात झोपतात आणि महिनाभर आधीपासून फोनवर बेत करतात. टेक्सासमध्ये शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर हा दिवस धरतात, म्हणजे त्या दिवशी पाच वर्षे पूर्ण असतील तर मूल किंडरगार्टनला जाते. साहजिकच डिसेंबरमध्ये सहावीच्या कोणत्याही वर्गात काही मुले बारा वर्षांची असतात आणि बरीचशी अकरा वर्षांची. शाळेने एका बाकावर बसवलेल्या या मुलांच्या नेमक्या मधून आमच्या जहाजावरची रेघ जात होती: नऊ ते अकरा हा लहान मुलांच्या क्लबमधला शेवटचा गट, आणि बारा ते चौदा हा किशोरांचा पहिला.

जहाजावर चढलो त्या दुपारी क्लबच्या दाराशी नोंदणीची रांग होती. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टवरची जन्मतारीख पाहण्याचीही गरज नव्हती. कार्ड लावताच तिच्या पडद्यावर वय आपोआप उमटत होते. लेकीचे नाव किशोरांच्या यादीत होते. भाचीसाठी तिने मनगटात घालायचा पट्टा बाहेर काढला आणि बहिणीपुढे अर्ज ठेवला. मुलाला कशाची ॲलर्जी आहे, मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकेल, त्यांनी सांगायचा सांकेतिक शब्द कोणता, नऊ वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतः सही करून बाहेर पडण्याची मुभा द्यायची का, असे प्रश्न त्यावर होते. भाची तो पट्टा बोटांनी फिरवत उभी होती. लेकीच्या हातात पट्टा नव्हता, आणि ते दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आले.

आई पुढे झाली. “अगं, हिला बारावं लागलंय की. फेब्रुवारीत बारा पुरी होतील,” असे तिने मराठीतच त्या मुलीला सांगितले आणि मग मला म्हणाली, “सांग ना तिला.” मी सांगितले. ती मुलगी अत्यंत सौम्य शब्दांत म्हणाली की जहाज सुटते त्या दिवशी जे वय पूर्ण झालेले असते तेच धरले जाते आणि त्यात कोणालाही सूट देता येत नाही. मग निदान माझ्या लेकीला खालच्या गटात बसू द्या, असे मी विचारले, तर त्यालाही नकार मिळाला.

आईचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात. वाढदिवस झाला की ‘अकरा पूर्ण झाली’ आणि त्याच दिवशी ‘बारावे लागले’. घरात, लग्नाच्या बोलणीत, शेजारणीशी बोलताना आपण चालू वर्ष सांगतो. सरकारी अर्जावर मात्र ‘वय वर्षे पूर्ण’ असे लिहितो. चालू वर्ष सांगण्यात मूल कुठे निघाले आहे हे सांगितलेले असते आणि पूर्ण वर्षात ते कुठवर पोहोचले आहे हे. माझ्या भाचीसारख्या मुलीच्या बाबतीत पहिले सांगणे जास्त खरे आहे, असे मला आजही वाटते. उंचीने ती माझ्या लेकीपेक्षा दोन बोटे जास्तच आहे.

पहिल्या संध्याकाळी दोघी आपापल्या ठिकाणी गेल्या. भाचीच्या गटात त्या दिवशी बहुतेक मुले नऊ वर्षांची होती. रंगीत चिकट गोळा तयार करण्याचा आणि मग खोलीतल्या खोलीत वस्तू शोधण्याचा खेळ होता. जेवणाच्या वेळी परत आली तेव्हा तिच्या बाहीला हिरवा गोळा चिकटलेला होता आणि ती कोणाशी बोलत नव्हती. लेक किशोरांच्या खोलीत अर्धा तास भिंतीशी उभी राहून परतली होती. चौदा वर्षांच्या मुलांचा घोळका तिच्या ओळखीचा नव्हता आणि जिच्या जोरावर ती तिथे गेली असती ती खालच्या मजल्यावर होती. त्यानंतर दोघींनी दोन्ही क्लब सोडून दिले. उरलेल्या रात्री त्या आजीबरोबर डेकवरच्या टेबलाशी बसून बदाम सात खेळल्या. आई खूश होती. पण मुलींना स्वतःच्या वयाचे सवंगडी मिळावेत म्हणून ज्या सोयीचे पैसे तिकिटात भरले होते, ती सोय आमच्या मुलींच्या कामी आली नाही, याची रुखरुख मला लागून राहिली.

तरीही त्या काउंटरवरच्या मुलीला मी दोष देत नाही. परतल्यावर मी या नियमांविषयी बरेच वाचले आणि माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटत होते की हे गट खेळ कोणते खेळायचे यावरून पाडलेले आहेत. तसे ते थोडेफार असतीलही, परंतु अकरा आणि बारा यांच्यामधली रेघ ही मुख्यतः ताब्याची रेघ आहे. लहान मुलांच्या क्लबमध्ये मूल सोपवले जाते: सही करून आत, सही करून बाहेर, मनगटावर पट्टा, आणि कोणत्याही क्षणी ते कुठे आहे याचे उत्तर कर्मचाऱ्यांना देता आले पाहिजे. मोठ्या मुलांना पालकांच्या परवानगीने स्वतः सही करून जाता येते, पण नोंद ठेवलीच जाते. किशोरांच्या क्लबला मात्र असे दार नसते. मुले येतात, कंटाळली की जातात, पिझ्झा खाऊन पुन्हा येतात. ती गेली कुठे हे कोणी लिहून ठेवत नाही. अनेक जहाजांवर रात्री १ नंतर अल्पवयीन मुलांनी एकटे फिरू नये असा नियम असतो, आणि तोवर दिवसभर ती मोकळी असतात. अकरा वर्षांच्या मुलीला त्या दारातून आत घेणे म्हणजे तिच्यावरची नजर काढून घेणे होय. आणि बारा वर्षांच्या मुलीला खाली का बसू देत नाहीत, याचे कारण मला आणखी पटले: बंद खोलीत, सोपवलेल्या मुलांमध्ये, वयाने मोठे मूल येऊ न देणे हा मुलांच्या सुरक्षेचा साधा नियम आहे. तो माझ्या गुणी मुलीसाठी मोडला तर तो सगळ्यांसाठीच मोडला जातो.

बहिणीचा धाकटा तेव्हा तीन वर्षांना थोडा कमी होता आणि त्याचा प्रश्न निराळा होता. बहुतेक जहाजांवर मोफत क्लबची सुरुवात तीन वर्षांनी होते आणि मुलाला शौचाची सवय लागलेली असावी लागते; डायपर तर नाहीच, पण चड्डीसारखे घालायचे डायपरही चालत नाहीत. त्याखालच्या बाळांसाठी डिस्ने किंवा रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची पाळणाघरे असतात, मात्र तिथे तासाप्रमाणे वेगळे पैसे पडतात. कार्निव्हल कंपनीचा क्लब दोन वर्षांपासून मुले घेतो, ही माहिती दोन-अडीच वर्षांचे मूल असलेल्या घराला सोन्यासारखी आहे. शौचाच्या सवयीचा नियम बहिणीला फार जाचक वाटला होता. पण अमेरिकेतील बंदरांना लागणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांची आरोग्य-तपासणी करणारा, रोगनियंत्रण केंद्राचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम मुलांच्या खोल्याही तपासतो. डायपर बदलायचे असतील तर त्यासाठी पाणी न शोषणारे टेबल, त्याच्या शेजारीच हात धुण्याची सोय, झाकणाचा कचऱ्याचा डबा हे सारे असावे लागते. मुलांच्या मापाची शौचकूपे असावी लागतात. जुलाब-उलट्यांची साथ हजारो माणसांच्या बंदिस्त जहाजावर किती झपाट्याने पसरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा काटेकोरपणा समजेल. याच कारणाने डायपरमधल्या मुलांना पोहण्याच्या तलावातही उतरू देत नाहीत. भाचा पाच दिवस तलावाच्या कडेला बसून पाण्याकडे बोट दाखवत रडत होता, आणि ते बघवत नव्हते, हेही खरे आहे.

आणखी लहान बाळांबद्दल एवढेच सांगते, की नेहमीच्या सफरींसाठी किमान वय साधारणपणे सहा महिने असते आणि अटलांटिक ओलांडण्यासारख्या लांबच्या सफरींसाठी ते बारा महिने होते, कारण जहाजावरचा दवाखाना छोटा असतो आणि किनारा कित्येक दिवस दूर असतो.

मर्यादा असावी, काटेकोर असावी आणि काउंटरवर घासाघीस करून बदलता येऊ नये, असे माझे मत आता झाले आहे. माझी तक्रार त्या रेघेच्या जाडीबद्दल आहे. शेजारच्या दोन घरांना एक सामाईक भिंत असते, तसे शेजारच्या दोन गटांना एक सामाईक वर्ष असायला हवे. हे अशक्य नाही. डिस्नेच्या जहाजांवर तीन ते दहा, अकरा ते चौदा आणि चौदा ते सतरा असे गट आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला दोन्हींकडे जागा आहे आणि आपण कुठे रमतो हे ते स्वतः ठरवू शकते. शिवाय तिथे अकरा आणि बारा वर्षांची मुले एकाच गटात येतात, म्हणजे आमच्या दोघी एकत्र राहिल्या असत्या. एमएससी कंपनीच्या जहाजांवर सात ते अकरा, बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे गट आहेत, तिथे आमची तीच गत झाली असती. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीच्या जहाजांवर दहा ते बारा असा गट असून तेरा ते सतरा सगळे एकत्र असतात. तिथे सहावीतल्या मुली सोबत राहतील, पण नुकतेच तेरा पूर्ण झालेले मूल सतरा वर्षांच्या, जवळजवळ प्रौढ मुलांमध्ये जाऊन पडेल. या वयात चार वर्षांचे अंतर फार मोठे असते, आणि माझ्या मते पाच-पाच वर्षांचे असे सरसकट गट अकरा-बाराच्या रेघेपेक्षाही अधिक विचार करायला लावणारे आहेत.

वरच्या टोकाला अठराची रेघ आहे. तिच्यावर मात्र सामाईक वर्ष असू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे एका बाजूला कायद्याने मूल आहे आणि दुसऱ्या बाजूला प्रौढ माणूस. पण अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर मद्यासाठी २१ वर्षांची अट असल्याने अठरा ते वीस या वयाची मुले किशोरांच्या क्लबमधून बाहेर पडतात आणि संध्याकाळी त्यांना फारशी जागाच उरत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात जुळ्यांच्या पाठीवर सतरा वर्षांची बहीण आहे. अठरा वर्षांची ती जुळी भावंडे तिला क्लबच्या दारापर्यंत सोडून मागे फिरायची, असे त्यांच्या आईने मला सांगितले.

म्हणून आता जहाज निवडताना मी आधी तारीख पाहते आणि त्या तारखेला घरातल्या प्रत्येक मुलाचे पूर्ण वय कागदावर लिहून काढते. मग ज्या जहाजाचा विचार चालू असेल त्याचे वयोगट शेजारी लिहिते. कंपन्या हे गट मधूनमधून बदलतात आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या जहाजांवर ते वेगळे असू शकतात, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच जहाजाच्या पानावर पाहावे आणि शंका असेल तर बुकिंगच्या आधी फोन करून विचारावे. चुलत-मावस भावंडे एकत्र जाणार असतील तर घसरगुंड्यांच्या आधी हे पाहावे. सहल एक-दोन महिन्यांनी पुढे ढकलल्याने मुले एका गटात येत असतील, तर ढकलावी.

आम्ही तेच केले आहे. मार्चच्या वसंताच्या सुट्टीत पुन्हा निघतो आहोत. भाचीला २० फेब्रुवारीला बारा पूर्ण होतील. धाकट्याला जानेवारीत तीन पूर्ण झाली, आणि बहीण सध्या घड्याळ लावून दर दोन तासांनी त्याला बाथरूममध्ये नेते आहे. आईचा मुक्काम एप्रिलपर्यंत आहे. परवा फोनवर भाचीने तिला विचारले, “आजी, तू पत्ते घेशील ना बरोबर?” आईने पत्त्यांचा जोड पर्समध्ये ठेवूनही दिला आहे.